परराष्ट्र धोरण आणि राष्ट्रीय सुरक्षेचे अभ्यासक व्हायचंय? सुरुवात इथून करा

निफाड तालुक्यातून २०१७ मध्ये एम.ए.साठी दिल्लीला आले, तेव्हा 'थिंक टँक' हा शब्द मी फक्त वर्तमानपत्रातल्या लेखाखाली वाचलेला होता. 'लेखक अमुक संस्थेत संशोधक आहेत', एवढंच. ती संस्था कुठे असते, तिथे जागा कशी निघते, पगार कोण देतं, हे सांगणारं घरात कुणी नव्हतं आणि कॉलेजातही नव्हतं. आता मी स्वतः हेच काम करते. महिन्यातून दोन-तीन मुलं-मुली तरी विचारतात, "ताई, यूपीएससी सोडून या क्षेत्रात जायला वाट आहे का?" वाट आहे. पण तिच्यावर पाट्या लावलेल्या नाहीत, म्हणून हे सविस्तर लिहितेय.

कामाबद्दल एक गोष्ट आधी स्पष्ट करते. टीव्हीवरच्या चर्चेत दिसतो तो या कामाचा अगदी छोटा तुकडा. उरलेला सगळा वेळ वाचन, नोंदी, आकडे पडताळणं आणि लेखनात जातो. या क्षेत्रात माणसाची किंमत त्याच्या मतांवरून ठरत नाही. एखाद्या अरुंद प्रश्नावर उपलब्ध असलेला प्रत्येक कागद त्याने वाचलाय का, यावरून ठरते. पुढच्या सगळ्या पायऱ्या त्यासाठीच आहेत.

१. आपलं दार कोणतं, ते आधी ठरवा

दारं साधारण चार.

पहिलं सरकारी. भारतीय परराष्ट्र सेवेत नागरी सेवा परीक्षेतूनच जाता येतं. खुल्या प्रवर्गासाठी वयोमर्यादा ३२ वर्षं आणि ६ प्रयत्न, ओबीसींसाठी ३५ वर्षं आणि ९ प्रयत्न. मुख्य परीक्षा मराठीतून लिहिता येते, मुलाखतही मराठीतून देता येते.

दुसरं गणवेशाचं. सैन्यदलांत वीस-तीस वर्षं काढून निवृत्तीनंतर अभ्यासाकडे वळलेले अधिकारी या क्षेत्रात खूप आहेत. त्यांच्याकडे असलेला अनुभव पुस्तकातून मिळत नाही.

तिसरं विद्यापीठाचं: नेट (प्राध्यापकीसाठीची राष्ट्रीय पात्रता परीक्षा), पीएच.डी., प्राध्यापकी.

चौथं संशोधन संस्थांचं, म्हणजेच थिंक टँकचं, आणि हा लेख मुख्यतः त्याबद्दल आहे. दिल्लीत मनोहर पर्रीकर संरक्षण अध्ययन आणि विश्लेषण संस्था आहे. १९६५ मध्ये स्थापन झालेली ही संस्था संरक्षण मंत्रालयाच्या निधीवर चालते, आणि २०२० मध्ये तिला गोव्याच्या या माजी संरक्षणमंत्र्यांचं नाव दिलं गेलं. सप्रू हाऊसमधली भारतीय विश्व व्यवहार परिषद १९४३ ची. ऑब्झर्व्हर रिसर्च फाउंडेशन १९९० चं, 'रायसीना डायलॉग' ही वार्षिक परिषद ते २०१६ पासून परराष्ट्र मंत्रालयाबरोबर भरवतं. नौदलाच्या प्रश्नांसाठी नॅशनल मेरिटाइम फाउंडेशन, हवाई दलासाठी सेंटर फॉर एरोस्पेस पॉवर अँड स्ट्रॅटेजिक स्टडीज (आधीचं सेंटर फॉर एअर पॉवर स्टडीज), भूदलासाठी सेंटर फॉर लँड वॉरफेअर स्टडीज. दिल्लीबाहेर मुंबईत गेटवे हाऊस आणि बंगळुरूत तक्षशिला, दोन्ही २००९ मध्ये सुरू झालेल्या. प्रत्येकीचा स्वभाव वेगळा आहे. अर्ज करण्याआधी त्या संस्थेचे गेल्या वर्षभरातले दहा तरी लेख वाचा.

यूपीएससीची तयारी करून मग इकडे वळणारे बरेच आहेत आणि ती तयारी वाया जात नाही. मात्र तिथली सवय इथे उलटी पडते. परीक्षेसाठी शंभर विषयांचं थोडं थोडं लागतं, इथे एका विषयाचं सगळं.

२. एक प्रश्न निवडा, शक्यतो घराजवळचा

सगळ्यात जास्त चुका इथे होतात. 'भारत-चीन संबंध' हा विषय नाही, ते अख्खं खातं आहे. 'अमेरिकेचं परराष्ट्र धोरण' तर त्याहून मोठं. नवख्या मुलांचे अर्ज वाचताना दहापैकी आठांत हेच दिसतं.

माझं उदाहरण सांगते. २९ सप्टेंबर २०१९ ला केंद्राने कांद्याच्या निर्यातीवर बंदी घातली. आमच्याकडे लासलगावच्या बाजारभावाशिवाय दुसरी चर्चा नव्हती. चार-पाच दिवसांनी बांगलादेशच्या तेव्हाच्या पंतप्रधान शेख हसीना दिल्लीत आल्या आणि एका व्यासपीठावर म्हणाल्या की, कांदा अचानक बंद केलात, आता मी आचाऱ्याला कांद्याशिवाय स्वयंपाक करायला सांगितलंय. आधी कळवलं असतं तर बरं झालं असतं. सभागृहात हशा पिकला. मला मात्र त्यात एक खरा प्रश्न दिसला. शेजारी देशाच्या ताटावर परिणाम करणारा हा निर्णय परराष्ट्र मंत्रालयाने घेतलेलाच नव्हता. तो वाणिज्य मंत्रालयाखालच्या विदेश व्यापार महासंचालनालयाच्या एका अधिसूचनेने झाला होता. मग शेजाऱ्याला आधी कळवायची जबाबदारी कुणाची?

मी त्या अधिसूचना काढून वाचल्या, संसदेतली उत्तरं शोधली, ढाक्याच्या इंग्रजी वृत्तपत्रांतल्या बातम्या तारीखवार लावल्या. सप्टेंबर २०२० मध्ये पुन्हा बंदी आली, डिसेंबर २०२३ मध्ये आणखी एकदा आली, ती थेट मे २०२४ मध्ये उठली. ढाक्याने मधल्या काळात इजिप्त, तुर्कस्तान, म्यानमार, चीन, पाकिस्तान असे दुसरे पुरवठादार धरले. लहानपणापासून ट्रॅक्टरवर पाहिलेल्या पिकाने मला परराष्ट्र धोरणात उभं केलं. दिल्लीतल्या मोठ्या शाळांत शिकलेल्या मुलांकडे सगळं होतं, पण बाजार समितीत लिलाव कसा होतो हे त्यांच्यापैकी कुणी पाहिलेलं नव्हतं.

तुमच्याही आसपास असा विषय असणार. कोकणातले असाल तर मच्छीमार नौकांची नोंदणी आणि २६/११ नंतरची किनारी सुरक्षा. उरण-पनवेलकडचे असाल तर न्हावा शेवा बंदर: २०२३ च्या अखेरीस येमेनमधल्या हूथी बंडखोरांनी तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू केले आणि युरोपला जाणारी जहाजं आफ्रिकेच्या दक्षिणेकडच्या केप ऑफ गुड होपला वळसा घालून जाऊ लागली, त्याचा इथल्या निर्यातदारावर काय परिणाम झाला? नागपूरचे असाल तर तिथला दारूगोळा उद्योग. गोव्यातले असाल तर नौदल युद्ध महाविद्यालय आणि २०१७ पासून भरणारं गोवा मेरिटाइम कॉन्क्लेव्ह.

विषय निवडला की दोन वर्षं तरी तो सोडू नका. रोज नव्या बातमीमागे धावायचा मोह होतो. युक्रेन, गाझा, तैवान, सगळ्यांवर बोलावंसं वाटतं. वाचा जरूर, पण लिहा आपल्याच विषयावर.

३. पदवी: नावापेक्षा मार्गदर्शक बघा

पदवी राज्यशास्त्रातच हवी असं नाही. अर्थशास्त्र, इतिहास, अभियांत्रिकी, भूगोल, काहीही चालतं. एम.ए.साठी जेएनयूची आंतरराष्ट्रीय अध्ययन शाळा सर्वांत जुनी, मूळ संस्था १९५५ ची. तिथे प्रवेश सीयूईटी-पीजी या सामाईक प्रवेश परीक्षेतून होतो आणि ती परीक्षा मराठीतून देता येत नाही, हे वेळीच लक्षात घ्या. दिल्लीत साउथ एशियन युनिव्हर्सिटी आहे. तिथे वर्गात नेपाळी, बांगलादेशी, श्रीलंकन मुलं सोबत बसतात आणि शेजारी देशांबद्दल वर्गाबाहेरच जास्त कळतं.

पुण्यात सावित्रीबाई फुले विद्यापीठाचा संरक्षण आणि सामरिक शास्त्र विभाग आहे. घरची परिस्थिती बेताची असेल तर तिथून सुरुवात करण्यात काहीही कमीपणा नाही. नेटमध्येही 'संरक्षण आणि सामरिक अध्ययन' आणि 'आंतरराष्ट्रीय आणि क्षेत्र अध्ययन' असे वेगळे विषय आहेत. राज्यशास्त्राच्या गर्दीत शिरण्याआधी या दोघांचा अभ्यासक्रम डोळ्यांखालून घाला.

खासगी विद्यापीठांची फी काही लाखांत जाते. कर्ज काढून तिथे जायचं असेल तर पायरी ९ आधी वाचा.

४. एक परकी भाषा, आणि ती पूर्ण

सहा महिन्यांचं प्रमाणपत्र रेझ्युमेवर शोभून दिसतं, कामाला येत नाही. वृत्तपत्रातला अग्रलेख शब्दकोश न उघडता वाचता आला, तर ती भाषा तुम्हाला येते असं समजा. त्याला तीन ते चार वर्षं लागतात. म्हणून पदवीच्या पहिल्या वर्षातच सुरू करा. पुण्यात असाल तर रानडे इन्स्टिट्यूटमधले भाषावर्ग परवडणारे आहेत, तिथे रशियन, जपानी, फ्रेंच, जर्मन शिकता येते.

कोणती भाषा? तुमच्या विषयाची. मी बंगाली शिकले. 'परकी भाषा' म्हटल्यावर बंगाली कुणाला आठवत नाही, पण बांगलादेशाचा अभ्यास तिच्याशिवाय होत नाही. तमिळ येणारा श्रीलंकेचा अभ्यासक, नेपाळी येणारा नेपाळचा अभ्यासक, फारसी येणारा इराणचा अभ्यासक, ही माणसं मोजकी आहेत आणि त्यांना मागणी आहे. चिनी शिकणारे वाढलेत, तरी संरक्षणविषयक चिनी मजकूर मुळातून वाचणारे अजूनही कमीच. पुण्यात स्थायिक झालेले माजी परराष्ट्र सचिव विजय गोखले चीनवर लिहितात, त्याला वजन येतं त्यामागे ती भाषा आणि तिथे काढलेली वर्षं आहेत.

५. मूळ कागद वाचायची सवय लावा

माझा पहिला मसुदा एका ज्येष्ठ संशोधकांनी परत दिला तेव्हा समासात एकच ओळ होती: "हे वर्तमानपत्राला माहीत आहे. तुला काय माहीत आहे?" त्या दिवसापासून मी बातमीमागचा कागद शोधायला लागले. यातलं बरंचसं फुकट आणि उघड उपलब्ध आहे:

- परराष्ट्र मंत्रालयाच्या संकेतस्थळावरची संयुक्त निवेदनं, साप्ताहिक पत्रकार परिषदांचे शब्दांकन, वार्षिक अहवाल.
- लोकसभा आणि राज्यसभेतली प्रश्नोत्तरं.
- संसदेच्या परराष्ट्र व्यवहार आणि संरक्षण या स्थायी समित्यांचे अहवाल.
- अर्थसंकल्पातल्या संरक्षणाच्या अनुदान मागण्या. महसुली खर्च, भांडवली खर्च आणि निवृत्तिवेतन वेगवेगळं वाचायला शिका. एकूण आकडा पाहून 'संरक्षण खर्च वाढला' असं लिहिणं ही नवख्याची ओळख.
- राष्ट्रीय अभिलेखागाराचं 'अभिलेख पटल' हे पोर्टल. जुन्या फायली घरबसल्या दिसतात.

स्थायी समित्यांच्या अहवालांकडे फार कमी लोक वळतात, याचं मला वाईट वाटतं. मार्च २०१८ मध्ये संरक्षण समितीच्या अहवालात तेव्हाचे उपलष्करप्रमुख सांगतात की, भूदलाची ६८ टक्के साधनसामग्री जुन्या पिढीची, २४ टक्के चालू पिढीची आणि फक्त ८ टक्के अत्याधुनिक आहे. एवढी मोठी कबुली कुठल्या गुप्त फाइलमध्ये नव्हती, संसदेच्या छापील कागदावर होती. त्याच वर्षी परराष्ट्र व्यवहार समितीने डोकलामसह भारत-चीन संबंधांवर अहवाल दिला. त्यात अधिकाऱ्यांना विचारलेले प्रश्न आणि त्यांची उत्तरं वाचा, सरकार विचार कसा करतं ते कळतं. कारगिल पुनरावलोकन समितीचा अहवाल तर प्रत्येकाने वाचलाच पाहिजे. के. सुब्रह्मण्यम यांच्या अध्यक्षतेखालची ही समिती जुलै १९९९ मध्ये नेमली गेली. छापताना अहवालातले काही भाग गाळलेले आहेत, पण उरलेल्यातून आपल्या गुप्तवार्ता यंत्रणेच्या उणिवा स्पष्ट दिसतात.

एक सराव दर आठवड्याला करा. दोन देशांच्या मंत्र्यांची भेट झाली की दोन्ही मंत्रालयांची निवेदनं समोरासमोर ठेवा. एकात असलेलं आणि दुसऱ्यात नसलेलं वाक्य अधोरेखित करा. २०२० च्या गलवान खोऱ्यातल्या चकमकीनंतरच्या काळात भारताच्या निवेदनांत सीमेवर शांतता असल्याशिवाय संबंध सुधारणार नाहीत हा सूर दिसतो, आणि चीनच्या निवेदनांत सीमाप्रश्न 'योग्य जागी' ठेवून बाकीचे संबंध पुढे न्यावेत हा. सहा महिने हे केलंत तर शब्दांच्या आडून काय चाललंय ते आपोआप ऐकू यायला लागतं.

साधनं म्हणाल तर एक साधा लॅपटॉप, नोंदी ठेवायला झोटेरो, नकाशासाठी क्यूजीआयएस. दोन्ही मोफत. युरोपच्या सेंटिनेल-२ उपग्रहांची १० मीटर तपशिलाची चित्रंही मोफत मिळतात. त्यांत रणगाडा दिसत नाही, पण नवा रस्ता किंवा धावपट्टीचं वाढलेलं टोक दिसतं.

६. लिखाणाचा एक नमुना तयार ठेवा

गुणपत्रिकेपेक्षा हा नमुना जास्त बघितला जातो. लांबी दीड ते दोन हजार शब्द, भाषा इंग्रजी. मराठी माध्यमातून आलेल्यांना इथे धास्ती वाटते, मलाही वाटायची. उपाय एवढाच की छोटी वाक्यं लिहा आणि जड शब्द टाळा. साधं, अचूक इंग्रजी पुरतं.

रचना अशी ठेवा: प्रश्न काय आहे, आजवर काय झालं, कुठे अडलंय, कुणी काय करावं. शेवटच्या भागात बहुतेकजण 'भारताने संतुलित धोरण अवलंबावं' असं लिहितात. हे वाचून कोणता अधिकारी सोमवारी सकाळी काय करणार? माझ्या कांद्याच्या लेखात शिफारस होती की, निर्यातबंदीची अधिसूचना निघण्याआधी ठरलेल्या मुदतीत संबंधित दूतावासाला कळवायची लेखी पद्धत असावी, आणि सीमेवर पोचलेल्या ट्रकांना सूट असावी. कुणी करायचं, कधी करायचं, कशाच्या आधारे करायचं, तिन्ही त्यात होतं.

विरुद्ध बाजूचा सर्वांत भक्कम मुद्दा लेखात स्वतःहून मांडा. मुलाखतीत तो विचारला जातोच.

सोबत मराठीतही लिहीत राहा. परराष्ट्र धोरणावर मराठीत अभ्यासपूर्ण लिहिणारे कमी आहेत आणि वाचणारे खूप आहेत.

७. पहिली जागा

बहुतेक जागा जाहिरात निघून भरल्या जातात. संस्थांची संकेतस्थळं महिन्यातून दोनदा बघा. चढण साधारण अशी: इंटर्न, संशोधन साहाय्यक, संशोधन विश्लेषक, असोसिएट फेलो, फेलो. परराष्ट्र मंत्रालयाचाही इंटर्नशिप कार्यक्रम आहे, त्याच्या अटी त्या त्या वर्षीच्या अधिसूचनेत बघा.

जाहिरात नसताना संशोधकाला ईमेल करायला हरकत नाही. पण 'मला तुमच्या मार्गदर्शनाखाली काम करायचं आहे' एवढंच लिहू नका. त्यांचा एखादा लेख वाचून त्यातल्या एका मुद्द्यावर नेमका प्रश्न विचारा. मी पाठवलेल्या अकरा ईमेलांपैकी दोघांनी उत्तर दिलं. त्यातल्या एकांमुळे माझी पहिली इंटर्नशिप झाली.

दिल्लीतली बरीच व्याख्यानं सर्वांसाठी खुली असतात. जा, पाठीमागे बसा, एकच प्रश्न विचारा आणि तो तीस सेकंदांत विचारा.

८. सापळे

*'गुप्तहेर कोर्स'.* रॉमध्ये नोकरी लावून देणारा कुठलाही खासगी कोर्स नसतो. इंटेलिजन्स ब्युरोच्या भरतीची जाहिरात गृह मंत्रालयाच्या अधिकृत संकेतस्थळावर येते. माझ्या चुलत भावाने अशाच एका 'प्रमाणपत्रासाठी' अठरा हजार रुपये भरले, ते गेले ते गेलेच.

*अहवालासाठी पैसे देणारे अनोळखी लोक.* लिंक्डइनवर परदेशी 'सल्लागार कंपनी'चा निरोप येतो: भारताच्या धोरणावर दोन पानं लिहा, चांगले पैसे देऊ. पहिलं काम निरुपद्रवी असतं, तिसऱ्या-चौथ्या वेळी 'आतली' माहिती मागितली जाते. १९२३ चा शासकीय गुपिते कायदा आजही लागू आहे. असा निरोप आला तर उत्तर न देता वरिष्ठांना दाखवा.

*नकाशे.* परदेशी सॉफ्टवेअरमधला तयार नकाशा जसाच्या तसा वापरला, तर जम्मू-काश्मीर किंवा अरुणाचलची सीमा चुकीची छापली जाते. भारतीय सर्वेक्षण विभागाशी न जुळणारा नकाशा प्रकाशित करणं हा गुन्हा आहे. सर्वेक्षण विभागाचाच नकाशा वापरा.

*चॅटम हाऊस नियम.* बंद दाराआडच्या चर्चेत हा नियम जाहीर झाला की ऐकलेली माहिती वापरता येते, पण कोण बोललं आणि कोण हजर होतं हे सांगता येत नाही. एक फोटो टाकला तरी विश्वास जातो आणि पुढचं निमंत्रण येत नाही.

९. पैशांचं गणित घरी आधीच मांडा

सुरुवातीच्या नेमणुका बहुधा वर्षभराच्या करारावर असतात. माझा पहिला पगार ३५ हजार होता. मुनिरकातली खोली, मेस आणि बस यांत त्यातला मोठा भाग जायचा. जेआरएफ (नेटमध्ये वरचे गुण मिळवणाऱ्यांची संशोधन अधिछात्रवृत्ती) मिळाली तर महिना ३७ हजार रुपये आणि वर घरभाडं मिळतं, म्हणून पीएच.डी. करायची असेल तर नुसती नेट नको, जेआरएफ काढाच. तिला वयाची अट आहे. बार्टी, सारथी आणि महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांच्या अधिछात्रवृत्त्या महाराष्ट्रातल्या मुलांसाठी आहेत. परदेशात शिकायचं असेल तर अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती आहे. आमच्या भागातल्या कितीतरी पात्र मुलांना तिचं नावही माहीत नसतं.

खासगी क्षेत्राचं दारही ध्यानात ठेवा. मुंबईत जहाज कंपन्या, विमा कंपन्या आणि बँकांना राजकीय जोखमीचं विश्लेषण करणारी माणसं लागतात आणि तिथे पगार बरा असतो.

१०. कागदपत्रांची फाइल

- दहावीपासूनच्या सगळ्या गुणपत्रिका, पदवी प्रमाणपत्र (नुसतं तात्पुरतं नको)
- स्थलांतर प्रमाणपत्र
- पासपोर्ट, किमान दोन वर्षं मुदत बाकी असलेला
- भाषा परीक्षेचं प्रमाणपत्र
- दोन पानांत बसणारा रेझ्युमे
- लिखाणाचा नमुना, पीडीएफ स्वरूपात
- दोन शिफारसदार. त्यांना आधी विचारून, मुदतीच्या तीन आठवडे आधी कळवून
- जातीचा किंवा आर्थिक दुर्बल घटकाचा दाखला, लागू असेल तर

शेवटच्या ओळीत मोठा घोळ होतो. केंद्रीय विद्यापीठाला ओबीसी दाखला केंद्र सरकारच्या नमुन्यातलाच लागतो, राज्याच्या नमुन्यातला नॉन-क्रीमी लेअर दाखला परत पाठवतात. तुमची जात राज्याच्या यादीत असली तरी केंद्राच्या यादीत आहे का, हेही तपासा. राज्याचं एसईबीसी (मराठा समाजासाठीचं) आरक्षण केंद्रीय संस्थांत चालत नाही. तहसील कार्यालयात अर्ज करतानाच 'केंद्रासाठी' असं स्पष्ट सांगा.

स्थलांतर प्रमाणपत्राचं मी निकालानंतर बघू म्हणाले होते. ते हातात पडायला पाच आठवडे लागले आणि प्रवेशाच्या शेवटच्या दिवशी मी हमीपत्र लिहून देऊन कसाबसा प्रवेश घेतला. तुम्ही निकाल लागल्याच्या आठवड्यातच अर्ज करा, आणि पावती जपून ठेवा.